खारीची तहान

सकाळी अंगणात गेले आणि पाय जागीच थांबले. डाळिंबाला बांधलेली कापडी पिशवी कुरतडलेली, फळाला रुपयाएवढं भोक, खाली दाण्यांचा लाल चुरा. तीनातलं दुसरं फळ गेलं.

"आता विषच ठेवते!" मी जोरात म्हणाले.

शेजारच्या आजी कट्ट्यावर गवार निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तहानेनं फोडत्यात गं ती. पानी कुटं ठिवलंयस तू उघडं?"

खरंच कुठंच नव्हतं. सोलापूरचं ऊन, पारा 40 च्या वर, नळाला रोज पाणी नाही. म्हणून हौद, बादल्या, घागर, सगळं घट्ट झाकलेलं.

आणि विष म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचा विषारी वायू होतो. मेलेली खार आमच्या मनीनं खाल्ली असती तर? अंगावर काटाच आला.

उरलेल्या फळाला तारेची बारीक जाळी बांधली. झाडाखाली मातीचं परळ भरून ठेवलं. दुपारी खार आली, काठावर पुढचे पाय टेकून कितीतरी वेळ पीत राहिली. शेपूट सारखी थरथरत होती.

फळ वाचेल की नाही, माहीत नाही. तुम्ही अंगणात पाणी ठेवता का?