चाळिशीनंतर दृढीकरणाच्या वर्गात

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने देण्याचा विधी, साधारण चौदा-पंधराव्या वर्षी होतं. माझं राहिलं, कारण बाबा रेल्वेत होते. बिलासपूर, भुसावळ, परत नागपूर. वर्ग सुरू व्हायची वेळ आली की आमची बदली ठरलेली. पुढे कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न, आणि मग कोणी विचारेनासंच झालं. रविवारी उपासनेला जायचे, नाताळात करंज्या तळायचे, पण प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, सगळे उठून वेदीकडे निघाले की मी गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बाकावर बसून राहायचे. आमच्याकडे दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन घेत नाहीत.

भाच्याचं नाव नोंदवायला मंडळीच्या ऑफिसात गेले, तर सेक्रेटरी काकांनी वही माझ्याकडे सरकवली. “काहून, तुमचं नाही टाकायचं?” टाकलं.

आधी कागद. बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि माझा बाप्तिस्मा आजोळी, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात झालेला. तिथली जुनी नोंदवही वाळवीने खाल्लेली निघाली. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “त्या दिवशी हजर असलेलं कोणी आहे का हयात?” मावशी होती. तिने आणि तिथल्या एका वडीलजनांनी सहीनिशी पत्र दिलं, त्यावर काम झालं. मावशीने पत्रात गरज नसताना हेही लिहिलं की पाणी पडल्यावर मी फार रडले होते.

वर्ग लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, शनिवारी संध्याकाळी. मी धरून आठ-दहा जण, आणि माझ्याखेरीज सगळी दहावीच्या आतबाहेरची पोरं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी शिकवायला आले आहे. अभ्यासक्रम जुनाच: दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा पाठ), बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा अर्थ. पोरांचं पाठांतर भराभर व्हायचं. माझं डोकं बँकेच्या पासवर्डांनी भरलेलं, त्यामुळे विश्वासांगीकाराचे तीन तुकडे केले: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. दूध तापेपर्यंत एक तुकडा. मधला सगळ्यात लांब, त्यात दूध दोनदा उतू गेलं.

खरी अडचण पाठांतराची नव्हती. मला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. आमच्या घरगुती प्रार्थनासभांमध्ये एकेक जण “हे दयाळू प्रभो” म्हणून सुरू करतो आणि पाच पाच मिनिटं ओघात बोलतो, आणि माझी पाळी जवळ येऊ लागली की मी चहाचं बघायला आत निघून जाते. विश्वासच कमी असावा, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वर्गात हे बोलून दाखवलं तेव्हा पोरं हसली नाहीत. त्यातल्या अर्ध्यांचं तेच होतं.

पाळकसाहेबांनी त्यावर आमच्या मंडळीचा इतिहास काढला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला झाली, ती आपल्याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या. त्यात अँग्लिकन होते, ज्यांची उपासना छापील पुस्तकातून चालायची, आणि बॅप्टिस्ट, ब्रदरनही होते, ज्यांना स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना प्रिय. कोणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत होतं, कोणी जाणत्या वयातच. एक होताना यातलं काहीच चूक ठरवलं गेलं नाही. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती आजही चालतात. “मग तुम्ही का एकच पद्धत खरी धरून बसलात?” असं ते मला म्हणाले. सदरवरून मी रोज बसने जाते आणि हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी दुसरं सांगितलं ते माझ्या जास्त कामी आलं. वधस्तंभावर येशू जे ओरडला, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”, ते बायबलच्या जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. मरणाच्या वेदनेत त्यानेही आधीपासून चालत आलेले शब्द उच्चारले. तेव्हापासून छापील प्रार्थनेला मी दुय्यम मानत नाही. ओघवतं बोलणाऱ्यांचा हेवा अजून वाटतो, तो भाग वेगळा.

त्या आठवड्यापासून रोज एक स्तोत्र, मोठ्याने. एकूण १५०, म्हणजे पाच महिन्यांचं काम. ११९ वं एका बैठकीत संपत नाही, १७६ ओव्या आहेत. पण ते आठ-आठ ओव्यांच्या बावीस भागांत बांधलेलं आहे, म्हणून तसंच तोडलं. स्तोत्रांमध्ये इतकं रडगाणं आणि देवाशी इतकं भांडण असेल असं वाटलं नव्हतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. एका पोराने वर्गात विचारलं होतं, प्रार्थना करूनही निकाल वाईट लागला तर काय करायचं? पाळकसाहेबांनी उत्तर न देता त्याला ८८ वं वाचायला लावलं. मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं, आजही थोडं वाटतंच. पोरगा मात्र पुढच्या शनिवारी आला.

रात्री मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, सोळाच अध्याय, पहिल्यांदा सलग वाचणाऱ्याला तेच सोयीचं. भाषा जड वाटत असेल तर बायबल सोसायटीचं सोप्या मराठीतलं भाषांतर घरी वाचावं आणि उपासनेत जुनं ऐकावं. दोन्ही युव्हर्जन या बायबलच्या ॲपवर फुकट आहेत. मराठीत ऐकायचीही सोय त्यात आहे, मी ते बसमध्ये कानाला लावते. रोजच्या मननाचे जे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात त्यातले बहुतेक मी बंद केले. गोड असतात, पण संदर्भ तोडून एखादी ओवी फुलांच्या चित्रावर चिकटवलेली असते.

आपल्याला फार उशीर झाला, ही खंत मध्येच उफाळून यायची. तेव्हा कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण निघालं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, झगडले, पत्रव्यवहार केला, आणि बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत घेतला. डब्यातून उतरले आणि ख्रिस्ती झाले, असं नाही घडलं.

दृढीकरणाचा दिवस एप्रिलमधला, ऊन मी म्हणत होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाबांनी माझ्या वतीने दिलेली वचनं मी स्वतः दिली, बिशपांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मग सगळ्यांबरोबर वेदीपाशी जाऊन प्रभुभोजन घेतलं. नंतर पोरांनी मला बळजबरीने तर्री पोहे खायला नेलं.

गुरुवारच्या प्रार्थनासभेत हल्ली मी आत पळत नाही. पाळी आली की त्या दिवशीचं स्तोत्र वाचते आणि “आमेन” म्हणते. कोणाची हरकत नाही. एका काकूंनी तर नंतर विचारलं, हे कितवं होतं, आणि आता त्याही वाचतात.

यंदा वर्गाला साठीचे एक गृहस्थ येणार आहेत, त्यांनी मला कागदांचं विचारलं. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. दाखला आधी शोधा, वर्ग सुरू व्हायची वाट पाहू नका. गावच्या मंडळीत नोंद मिळाली नाही तर त्या भागाच्या धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात विचारा, जुन्या वह्या कधी कधी तिथे गेलेल्या असतात. आणि बाप्तिस्म्याला हजर असलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर आधी त्याला फोन करा.