सापाची आंघोळ

आमच्या सोलापूरच्या घरात आंघोळ हा चर्चेचा विषय नाही, तो आईचा हुकूम आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं पहाटे कुणी उतरलं की चहाआधी त्याच्या हातात टॉवेल पडतो. त्यामुळे भाच्यानं बॉल पायथन, म्हणजे एक परदेशी अजगर, घरी आणला तेव्हा तिनं तो चावतो का, किती वाढतो, असलं काही विचारलं नाही. चष्मा सारखा करून काचेच्या पेटीत डोकावली आणि म्हणाली, "ह्याला आंघोळ कधी घालतोस रे?"

"आज्जी, सापाला आंघोळ लागत नाही."

"कुणाला लागत नाही असं असतं का कुठं?"

कुणी काही बोलायच्या आत सांगून टाकते: नाग, धामण, आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. भाच्याचा हा पाहुणा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेकडच्या जातीचा. त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी आहे, आणि तो कागद भाच्यानं पेटीमागेच चिकटवलाय. नीट राहिला तर हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो, हे आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर आंघोळ. आपण अंग धुतो ते घाम, तेल आणि धूळ यांच्यापायी. सापाला घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगावर कोरडे, गुळगुळीत खवले, त्यांना मळ धरत नाही आणि वासही येत नाही. शिवाय ठरावीक काळानं तो वरचं कातडंच उतरवून ठेवतो. इतका स्वच्छतेचा बंदोबस्त आमच्यापैकी कुणाकडे नाही. त्याला लागतं ते एवढंच: पेटीत पाण्याचं एक जड भांडं, वाटलं तर आत वेटोळं घालून बसता येईल एवढं. बसायचं की नाही, ते तो ठरवतो. मात्र तो सारखाच पाण्यात बसून राहायला लागला, तर ती हौस नसते. एक तर पेटी फार तापलेली असते, नाहीतर अंगावर माइट म्हणजे बारीक किडे झालेले असतात. अशा वेळी डॉक्टर गाठावा.

खरी अडचण येते कात टाकताना, आणि सोलापुरात ती जरा जास्तच येते. बॉल पायथनला हवेत पन्नास-साठ टक्के दमटपणा लागतो. आमच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, दोरीवरचे कपडे दहा मिनिटांत कडक. कात टाकण्याआधी त्याचा रंग मंदावतो, डोळ्यांवर निळसर दुधी साय येते, तो खाणं सोडतो. मग डोळे पुन्हा निवळतात आणि थोड्या दिवसांत कात निघते. सगळं ठीक असेल तर मोजा उलटा काढावा तशी अखंड, तोंडापासून शेपटीपर्यंत. हवा कोरडी असली की तिचे तुकडे पडतात. शेपटीच्या टोकाला राहिलेलं कडं आवळत जाऊन रक्त अडवू शकतं. डोळ्यावरची पारदर्शक टोपी राहिली, तर ती नखानं किंवा चिमट्यानं काढायला जाऊ नये, डोळाच जायचा.

इथं लोक आंघोळीकडे धावतात. घालायचीच तर उथळ घालावी: पाणी त्याच्या अंगाच्या जाडीएवढंच, डोकं सहज वर राहील असं, पंधरा-वीस मिनिटं, आपण शेजारून हलायचं नाही. साबण नाही, शांपू नाही. जेवून दोन दिवस झाले नसतील तर मुळीच नाही, खाल्लेलं सगळं ओकून टाकेल. आणि पाणी किती गरम? आपल्याला छान कोमट वाटतं ते त्याला जास्त होतं. अठ्ठावीस-तीस अंश पुरे, म्हणजे हाताला ना गरम ना गार. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी नळाला येतं ते पाणी तर माणसालाही चटका देतं, सापाची काय कथा.

पण माझं मत विचाराल तर ह्या गावात आंघोळीपेक्षा टॉवेल बरा. प्लॅस्टिकच्या हवेशीर डब्यात ओला करून घट्ट पिळलेला टर्किश टॉवेल घालायचा, त्यात सापाला सोडून झाकण नीट लावायचं. तो आपला आपण घड्यांतून सरपटत राहतो, टॉवेलच्या फाशांना अंग घासतं, आणि अडकलेली कात तिथंच सुटते. पाण्यात धरून ठेवल्याची धास्ती नाही, ओढाओढी नाही. जगभर पोहोचलेल्या सोलापुरी टॉवेलचा हा उपयोग त्याच्या विणकरांनीही मनात आणला नसेल. भाच्यानं त्यासाठी एमआयडीसीतल्या कारखान्याच्या दुकानातून किलोवर मिळणारे जरा डागी टॉवेल आणले. सापाची त्याबद्दल तक्रार नाही.

आईचा शेवटचा डाव तेलाचा होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जन असतं, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या ६८ लिंगांना तेल लावतात. "देवाला चालतं, मग ह्याला का नको?" भाच्यानं हात जोडून नको म्हटलं. तेलानं कात सुटत नाही, नुसतं अंग चिकट होतं.

पाण्यावरून मात्र तिनं कायदा केलाच, आणि तो बरोबर आहे. साप पाण्यात बसला की बहुतेकदा त्यातच घाण करतो, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. म्हणून त्याचा टब वेगळा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये काही धुवायचं नाही, नंतर साबणानं हात. चार-चार दिवसांआड नळाला येणाऱ्या पाण्यावर घर चालवलेली बाई ती, वापरलेलं पाणी सहसा झाडांना जातं. ह्या टबातलं थेट संडासात ओतायचं, असा हुकूम सुटला. टबावर तिनं लाल ऑइलपेंटनं मोठी फुली मारलीय, आणि कामवाल्या मावशींनी त्यात चुकूनही चादरी भिजवू नयेत म्हणून तो टब आता भाच्याच्या कपाटात, त्याच्या इस्त्रीच्या शर्टांखाली राहतो.