वहीतली एक ओळ

काल रात्री दादाच्या शेतीच्या जमाखर्चाची वही चाळताना जमेच्या बाजूला ‘नोकरीचे आले’ अशी ओळ दिसली, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ते पैसे माझ्या पगारातले. वर दुधाचे, खाली जुना पंप विकल्याचे, आणि मध्ये मी, तीही नावाशिवाय. शेती सोडून १२ वर्षे झाली, असे मी समजत होते; वहीच्या लेखी मी कधी गेलेच नव्हते.

खत, बियाणे आणि यंत्रांचा खर्च मालाच्या भावाला मागे टाकून वाढत गेला, वाटण्यांनी तुकडे लहान झाले, तेव्हा ठिकठिकाणच्या कुटुंबांनी घरातल्या एकाला तरी पगारावर धाडले आणि त्या पगारावर पुढचा हंगाम उभा केला, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. २०१४ हे संयुक्त राष्ट्रांचे कौटुंबिक शेतीचे वर्ष होते. जगातल्या दर दहांपैकी नऊ शेते कुटुंबांची आहेत, असे तेव्हा वाचून मला अभिमान वाटला होता. त्यांतली किती शेते कुणाच्या तरी नोकरीने तगली आहेत, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. तरीही नाव लिहायला हवे होते. आई माझ्या वाट्याविषयी काही म्हणाली होती, ते आज लिहीत नाही.

रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव यांनी १९२० च्या दशकात मांडले होते की शेतकरी कुटुंब स्वतःच्या कष्टांची मजुरी धरत नाही. खाणारी तोंडे किती आणि राबणारे हात किती, यावर ते किती राबायचे हे ठरवते, आणि म्हणूनच मजुरांवर चालणारी शेती जिथे बुडेल तिथे ते टिकून राहते. हे आठवले आणि मी वही पुन्हा उघडली. खर्चात फवारणीची मजुरी होती, डिझेल होते, कर्जाचा हप्ता होता. पहाटेच्या धारा, निंदणी, रात्रीचे पाणी देणे यांची एकही ओळ नव्हती. माझी निदान रक्कम तरी आहे. वहिनी कुठेच नाही. नावाचे दुःख तिथे थोडे सैल झाले, गेले मात्र नाही.

सकाळी दादाला माझ्या ओळीविषयी विचारणार होते, पण वहिनी दिवसाचे किती तास राबते, एवढेच विचारले. तो काही वेळ पाने उलटत राहिला आणि मग आत हाक मारून म्हणाला, “अगं, तू उठतेस किती वाजता?”

“का? उद्या कुणी यायचे आहे का?” असे तिने आतूनच विचारले.