तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रँट का घेत नाही

वास्तुशांतीला जावा, बारशाला जावा, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, चहाला थांबा, हेच. "सरकार एवढे पैसे वाटायलंय, घे की!" मी रताळी धुवायचं मशीन करायलोय आणि आयटीआयच्या पुढं शिकलो नाही हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो.

स्कीमा मला पाठ आहेत ओ. केंद्र सरकारची निधी-प्रयास, प्रोटोटाइपला, म्हणजे पहिल्या नमुन्याला, 10 लाखांपर्यंत. स्टार्टअप इंडिया सीड फंड, 2021 ला आलेला, 20 लाखांपर्यंत ग्रँट, पण आधी कंपनी काढा, ती दोन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि पैसे हप्त्याहप्त्यानं. अमेरिकेतल्या पैसेवाल्या पीटर थीलची फेलोशिप तर व्हॉट्सअपवर सगळ्यांनी पाठवून झाली. ती 22 वर्षांपर्यंतच्या पोरांना. माझी ती वर्षं दुसऱ्याच्या लेथवर गेली.

आता खरं काय ते सांगतो. असली ग्रँट वाटणाऱ्या एका सेंटरात माझं नाव वरपर्यंत गेलं होतं. ब्रशच्या रोलरमधनं तांबडी माती तेवढी जाते, साल जात नाही, हे करून दाखवलं, सर लोक खूश. मग म्हणाले कोटेशनं आणा, प्रत्येक पार्टची तीन, जीएसटी नंबरवाली. मी रात्री ज्या मामांच्या शेडमध्ये काम करतो त्यांचा धंदा जीएसटीत बसण्याएवढा मोठाच नाही. त्यांनी चष्मा लावला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिलीनं लिहून दिलं, शाफ्ट, बेअरिंग दोन, नायलॉन ब्रश, अर्ध्या एचपीची मोटर, वेल्डिंग, आणि खाली 'मजुरी तू बघून दे'. मी तो कागद तसाच नेला. टेबलापलीकडच्या मॅडमनी वाचला, शेजारच्या सरांना दाखवला, दोघं हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मग एका मोठ्या दुकानातनं छापील कोटेशन आणलं तर ते मामांच्या तिप्पट, वर ड्रॉइंग आमच्याकडं ठेवा म्हणाला. त्याच संध्याकाळी सेंटरला मेल टाकला, माझं नाव काढा म्हणून.

माज म्हणा. म्हणाच. आणि त्या मॅडम चुकीच्या नव्हत्या, बिलाशिवाय पैसे दिले असते तर तुम्हीच घोटाळा म्हणाला असता. पण नवरात्रात उपासाची रताळी खपतात, खानापूरकडनं गाड्या बेळगावच्या एपीएमसीत येतात, त्याच्या आत मशीन फिरलं नाही तर वर्ष गेलं, हप्त्याला त्याचं काय. मला 10 लाख नकोच होते, थोडे पाहिजे होते पण लगेच. शेवटी मुद्राचं, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं, शिशु कर्ज काढलं, 50 हजारांच्या आतलं, तेच फेडायलोय.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ग्रँट म्हणजे कॉलेजवाल्यांची आपापसातली वाटणी. आता तसं म्हणवत नाही, कारण मागनं इमर्जंट व्हेंचर्स नावाच्या ग्रँटचं कळलं, टायलर कॉवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 2018 ला काढलेलं, भारतातल्या पोरांनाही देतात, डिग्री लागत नाही, फॉर्म छोटा. भरला का? नाही. इंग्रजीत स्वतःबद्दल लिहायला बसलो की दोन ओळींनंतर तो माणूस मी वाटतच नाही. त्याला सरकार काय करणार? आणि तरीसुद्धा, मामांच्या त्या कागदावर पैसे द्यायला काय हरकत होती, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मशीन त्याच आकड्यात झालं. वेल्डिंग तेवढं वाढलं, ते मामांचं द्यायचं राहिलंय.