एवढीशी गिटार कुणाची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ती लेकाची नाही. माझी आहे. लेकाला गिटारीत काडीचा रस नाही. पण घरी येणारा प्रत्येक जण ती हातात घेतो, पोटाशी धरून बघतो आणि म्हणतो, "काय भो, लहान पोरांची दिसते!"

पोरांची नाही, पूर्ण मापाची आहे. आज दुकानात टांगलेली असते ती रुंद, भरल्या पोटाची ड्रेडनॉट ही नंतरची चाल. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने ती स्वतःच्या नावाने 1931 मध्ये आणली. नाव ब्रिटिश युद्धनौकेचं, रुंदी साधारण 15.6 इंच. त्याच कंपनीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात 12.75 इंचांची गिटार मोठ्यांत मोजली जायची. माझी 13.5 भरते. टेप लावून मोजलीय, कारण साडूशी पैज लागली होती.

मिळाली भुसावळला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन काका घर आवरून मुलीकडे निघाले होते. बनवणाऱ्याच्या नावाची आतली चिठ्ठी केव्हाच गळून गेलेली. मोबाइलचा उजेड आणि छोटा आरसा आत घालून पाहिलं, तर वरच्या फळीखालच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या. मार्टिनसारख्या फुलीत असत्या, तर काकांनी सांगितलेली किंमत देताना मलाच लाज वाटली असती. या आडव्या पट्ट्यांमुळे आवाज घुमत नाही. ताटात फुटाणे पडावेत तसे सूर सुटे पडतात आणि लगेच विरतात. गाण्यामागे जोरजोरात कॉर्ड वाजवणाऱ्याला ही पुरणार नाही. मी बोटांनी वाजवतो, तेही रात्री अकरानंतर, दहा बाय दहाच्या खोलीत.

खरी कटकट उन्हाळ्याची. जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे. लाकडातलं पाणी उडतं, ते आकसतं आणि पातळ फळीला चीर जाते. पहिल्याच वर्षी मी शहाण्याने ती दुपारभर बंद गाडीत ठेवली. हलक्या तारा लावल्या तरी सहांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या घरात जातो. संध्याकाळी ब्रिजच्या, म्हणजे तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या, मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकत होतं. उष्णतेने सरस मऊ पडला होता.

आमच्या गल्लीतला सुतार म्हणाला, "दोन स्क्रू मारतो, हत्ती बसला तरी हलणार नाही." त्याला चहा पाजून परत पाठवला. जुनं वाद्य सरसाने जोडलेलं असतं ते बरंच. ऊब आणि ओल दिली की जोड सुटतो, आणि नव्याने बसवता येतो. शेवटी पुण्याच्या एका कारागिराने ब्रिज उचलला, जुना सरस खरवडला, गरम सरस लावून शिकंजे आवळले. आता ती जागा शोधूनही सापडत नाही. बिल मात्र सापडतं. गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त आहे.

तेव्हापासून एप्रिल लागला की तारा एक सूर उतरवतो. पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी, तीत ओला पिळलेला स्पंज. केळीवाले गरम वारा अडवायला बागेच्या कडेने शेवरी लावतात, तशी ही पेटी कपाटाच्या आडोशाला, कूलरच्याच खोलीत, पण झोतापासून लांब. कूलरची टाकी भरायची आणि स्पंज भिजवायचा, ही दोन्ही कामं लेकाकडे. त्याचा गिटारीशी संबंध तेवढाच.