आयरिश नृत्य: हात स्थिर, कष्ट पोटऱ्यांना

डब्लिनमध्ये प्रौढांच्या आयरिश नृत्यवर्गाला जाऊ लागल्यापासून घरची मंडळी विचारतात की, ज्या नाचात हात हलत नाहीत आणि कंबर लवत नाही, त्यात व्यायाम तो कसला होणार? आपल्यापैकी बहुतेकांनी हा नाच 'रिव्हरडान्स' या नृत्यप्रयोगामुळे पाहिला. १९९४ साली याच शहरात झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरात तो प्रयोग प्रथम सादर झाला. तिथले नर्तक इतक्या सहज उड्या मारतात की त्यामागचे श्रम प्रेक्षकाला जाणवतच नाहीत.

वास्तविक हात स्थिर असतात म्हणूनच हा नाच कठीण आहे. एरवी उडी मारताना आपण नकळत हातांचा झोका घेतो, पण येथे ती सोय नसल्यामुळे शरीर वर उचलण्याचे जवळजवळ सगळे काम पाय करतात, आणि खांदे न हलवता ताठ राहण्यासाठी पोटाचे व पाठीचे स्नायू सतत आवळलेले ठेवावे लागतात. खाली येतानाही टाच टेकवायची नसते आणि गुडघा फारसा वाकवायचा नसतो, त्यामुळे उतरण्याचा धक्का चवडे, घोटे, पोटऱ्या आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन यांना झेलावा लागतो. नवशिक्यांच्या नडग्या दुखतात त्या यामुळेच. दुखणे हाडाच्या एकाच बिंदूवर ठणकू लागले, तर मात्र ते अंगावर काढू नये, कारण वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका या नाचात खरोखरच असतो. माझ्या मते चाळिशीच्या आसपास सुरुवात करणाऱ्याने उड्यांच्या आधी काही आठवडे पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश उचलण्याचा आणि खाली नेण्याचा सराव करावा.

दमाची परीक्षा मात्र समूहनृत्यात होते. 'सीज ऑफ एनिस'सारख्या 'केली' (céilí) म्हणजे पारंपरिक आयरिश मेळाव्यातल्या समूहनृत्यात समोरासमोरच्या रांगा एकमेकींना ओलांडून पुढच्या रांगेसमोर जातात आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. संगीत थांबेपर्यंत कोणालाही मधेच बसता येत नाही. चार जोड्यांच्या सेट नृत्यात जोडीदाराला धरून वेगाने गिरक्या घ्याव्या लागतात. मंगळागौरीला फुगडी घातलेल्यांना त्यातला तोल लगेच समजेल, कारण येथेही दोघांनी आपला भार सारखा मागे टाकला तरच गिरकी टिकते. सेटमध्ये पावले जमिनीलगत राहतात, त्यामुळे सांध्यांवर ताण कमी येतो. क्लेअर परगण्यातील मिलटाउन मालबे येथे १९७३ पासून दर जुलैमध्ये भरणाऱ्या पारंपरिक संगीत-नृत्याच्या विली क्लॅन्सी उन्हाळी शाळेत वयस्क मंडळीही हौसेने सेट नाचतात, आणि नियमित नाचणाऱ्यांचा दम पाहून मला मनापासून आदर वाटतो.

व्हिडिओ पाहून घरी प्रयत्न करू इच्छिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. आपल्याकडच्या फरशा थेट काँक्रीटवर बसवलेल्या असतात आणि त्या धक्का मुळीच शोषत नाहीत, त्यामुळे उड्यांचा सराव त्यांवर करू नये. शाळेचा किंवा नाट्यगृहाचा लाकडी रंगमंच मिळाला तर उत्तम. तोपर्यंत घरी फक्त पावलांचा क्रम, तोही हळू लयीत, पाठ करावा.