कांद्याला वारा लागतो

मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात माणसं दोनच, पण श्वास घेणारे शेकड्यांनी. ओट्याखालच्या जाळीच्या ट्रॉलीत कांदे, वरच्या कप्प्यात बटाटे, खिडकीशी हापूसची पेटी, ओल्या फडक्यात बांधलेली मटकी, पेल्यातल्या पाण्यात उभी केलेली पुदिन्याची जुडी. रात्री दिवा मालवून आम्ही झोपायला जातो तेव्हाही या मंडळींचा उद्योग चालूच असतो. प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. आणि नाक एकालाही नाही.

नाकाचं आपण उगाच प्रस्थ माजवून ठेवलं आहे. प्राणायाम नाकाने, घोरणं नाकाने, सर्दी झाली की जगबुडी. वास्तविक नाक, श्वासनलिका, फुप्फुसं ही सगळी नुसती ने-आणीची व्यवस्था. खरा कारभार पेशींच्या आत चालतो. तिथे साखर जळते, पण ज्वाळा दिसत नाही; चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवावा तशी ती सावकाश धुमसते आणि तेवढ्या ऊर्जेवर जीव तगून राहतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १६ वेळा श्वास घेतो, दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू २१ टक्के, बाहेर येणाऱ्या हवेत १६ टक्के. म्हणजे दिवसाचे वीसेक हजार श्वास घ्यायचे ते या मधल्या पाच टक्क्यांसाठी. कांदा तेच काम जागचं न हलता करतो.

हे पुस्तकात वाचून पटत नसेल तर मटकी भिजत घालावी. संध्याकाळी उपसलेली मटकी फडक्यात बांधून ठेवली की उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात. गाठ सोडण्याआधी पुरचुंडीवर तळहात ठेवून बघा. ती कोमट लागते. मधोमध बोट खुपसलं तर अधिकच. हा उन्हाळ्याचा प्रताप म्हणावा, तर शेजारच्या डब्यातली कोरडी मटकी गार असते. झोपलेला दाणा पाणी मिळताच जागा झाला आहे आणि कोंब काढायला लागणाऱ्या शक्तीसाठी त्याने साठवणीतलं पीठ जाळायला घेतलं आहे. त्याची ही ऊब. शाळेत हाच प्रयोग दोन थर्मासात करून दाखवायचे. एकात मोड आलेलं कडधान्य, दुसऱ्यात उकडून गार केलेलं, दोन्हींच्या तोंडाशी कापसात धरलेला तापमापक. दुसऱ्या दिवशी पहिल्यातला पारा वर चढलेला असायचा. आमच्या शाळेत त्यातला एक थर्मास शिक्षकांच्या चहाचा होता, त्यामुळे प्रयोगाचा निकाल लवकर लागावा अशी सगळ्या स्टाफरूमची इच्छा असे.

मटकी पाण्यात फार वेळ राहिली की मात्र मोड येत नाहीत, आंबूस वास येतो. मटकी बुडून मेलेली असते. दाणाही बुडतो, कारण पाण्यात त्याला पुरेल इतका प्राणवायू नसतो. म्हणून आई म्हणायची, ‘रात्रभर भिजव, पण सकाळी उपस. आणि गाठ करकचून मारू नकोस.’ कारण विचारलं तर म्हणायची, ‘गुदमरेल ना!’

श्वास म्हणजे सावकाश चाललेलं ज्वलन, हे मोजून दाखवलं फ्रान्समध्ये. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघा शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवलं आणि त्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. मग त्याने जेवढा वायू सोडला तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल, त्याच्याशी ताडून पाहिलं. आकडे बरेच जवळ आले. कोळसा आणि गिनीपिग यांत या बाबतीत फारसा फरक नव्हता. पुढे १७९४मध्ये लाव्हाझिएचं डोकं गिलोटिनखाली गेलं, पण ते करवसुलीच्या धंद्यापायी. गिनीपिगचा त्यात हात नाही.

त्याआधी इंग्लंडमध्ये प्रीस्टली नावाच्या शास्त्रज्ञाने १७७१मध्ये पुदिन्याची डहाळी कामाला लावली होती. मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत त्याने ती ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. वनस्पती हवा शुद्ध करतात, हे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी. त्यानंतर आठ वर्षांनी इंगेनहाउस नावाच्या डच वैद्याने या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला. हवा सुधारण्याचं काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही उजेडात. अंधारात सगळं झाड आणि मुळं, फळं, फुलं एरवीही आपल्यासारखीच हवा खराब करतात. पहिला अर्धा भाग आपण भिंतींवर रंगवला. दुसरा विसरलो.

विसरलो, म्हणून दर काही महिन्यांनी मोबाइलवर तो निरोप येतो: पिंपळ आणि तुळस रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतात, सबब उशाशी तुळस ठेवा. उजेड नसेल तर कोणतंही झाड प्राणवायू सोडत नाही. पिंपळही नाही, तुळसही नाही. दोघंही रात्री आपल्यासारखा श्वास घेत बसलेले असतात. याच्या अगदी उलटं म्हणजे, रात्री झाडाखाली झोपू नये, खोलीत कुंडी ठेवू नये, ती आपला प्राणवायू खाते, हे भय. तेही फुकाचं. एक माणूस दिवसाला सुमारे किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. कुंडीतल्या मनीप्लांटचा त्यापुढे काय पाड? खोलीतली हवा कुंद होत असेल तर ती शेजारी झोपलेल्या माणसामुळे होते आणि त्याला बाहेर ठेवता येत नाही.

कांद्याचा श्वास मला कळला तो निफाड तालुक्यात. मोठ्या बहिणीचं सासर तिकडचं, दाजी उन्हाळ कांदा लावतात. मार्च-एप्रिलमध्ये पातीच्या माना पडल्या की काढणी. काढलेला कांदा लगेच पाती कापून भरायचा नाही. पातीसकट शेतात सुकू द्यायचा, मान आवळून बंद झाली पाहिजे. मग चाळीत. शहरातल्या माणसाला चाळ म्हटली की गॅलरी आणि कॉमन नळ आठवतो; कांदाचाळीत मात्र सगळी रचना हवा खेळवण्यासाठी. तळ जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेला, त्याच्या फळ्यांमध्ये फटी, बाजूच्या भिंती म्हणजे बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, वर पत्रे. कांद्याचा थर छातीच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर खालच्याला ना वारा ना उसंत. ‘सगळा खेळ वाऱ्याचा आहे,’ दाजी म्हणतात, ‘वारा अडला का कांदा गेला.’

पावसाळ्यात त्या पट्ट्यांमधून हात आत घातला तर चाळीची तब्येत हाताला कळते. कोरडी आणि गार असेल तर ठीक. कुठे ऊब लागली, ओल लागली, की तिथे आत काहीतरी बिनसलं आहे. दाजी चालता चालता हात घालत जातात आणि मध्येच थांबतात. मग त्या जागेचा कांदा उपसून निवडला जातो. निवडणाऱ्या बायका जमिनीवर बसून एकेक कांदा अंगठ्याने दाबून बघतात. मान मऊ लागली की बाजूला. मोड आलेला वेगळा.

एवढं करूनही उन्हाळ्यात शंभर किलो भरलेला कांदा दिवाळीच्या सुमाराला शंभर किलो भरत नाही. सडका काढला, कोंब आलेला काढला, ते धरूनही वजन कमीच. काही पाणी उडून गेलेलं असतं आणि काही कांदा त्याने स्वतःच श्वासावाटे हवेत सोडलेला असतो. शेतकरी याला घट म्हणतात. भाव किती वर गेला म्हणजे घट भरून निघते, हे गणित दाजींना तोंडपाठ आहे. लासलगावचा लिलाव आपण टीव्हीवर पाहतो. त्यातल्या भावात महिनोन्‌महिने श्वासावाटे उडून गेलेल्या कांद्याची किंमतही असते.

आणि आपली घट? ठाण्याच्या तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना विचारा, उतरलेली चरबी जाते कुठे? कोणी सांगेल घामातून, कोणी सांगेल तिची ऊर्जा होते. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४मध्ये याचा चोख हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे माणूस बारीक होतो तो उच्छ्वासातून. यावर लगेच कोणी जोरजोरात श्वास सोडायला बसू नये. आधी जळायला हवं, आणि त्यासाठी वडापावच्या गाडीपुढून न थांबता जावं लागतं.

बटाट्याच्या सालीवर बारीक ठिपके असतात, सोलताना आपण बघतही नाही. ती त्याची श्वासाची छिद्रं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले की आतून थेंब धरतात. कोथिंबिरीचा श्वास याहून कितीतरी जलद, म्हणून ती आधी जाते. ओली कोथिंबीर बंद पिशवीत घातली की आतला प्राणवायू संपतो आणि काळा चिकट लगदा होतो. फ्रिज करतो ते एवढंच, सगळ्यांचे श्वास मंद करतो. सफरचंदांच्या शीतगृहात तर प्राणवायूही दोन-तीन टक्क्यांवर आणून ठेवतात, म्हणून पावसाळ्यात तोडलेलं सफरचंद उन्हाळ्यात करकरीत निघतं.

अशी यादी करत गेलं की लक्षात येतं, घर चालवणं म्हणजे बरंचसं दुसऱ्यांच्या श्वासाचं नियोजन आहे. कोणाला तो नीट घेऊ द्यायचा, कोणाचा मंद करायचा आणि कोणाचा जवळजवळ थांबवायचा.

थांबवायचा तो धान्याचा. मे महिन्यात गच्चीवर गहू, ज्वारी, डाळी कडकडीत उन्हात घालायच्या ते त्यासाठीच. सासूबाई दाणा दाताखाली धरून फोडतात. कट्‌ असा आवाज आला तर डब्यात, नुसता दबला तर अजून एक ऊन. दमट गव्हाचं पोतं आतून तापतं, मग बुरशी, मग किडे. पूर्वी खेड्यांतून ज्वारी पेवात ठेवत. जमिनीखाली खोल खड्डा, तोंड अरुंद, वर मातीने बंद. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, तीही याच जातीची. आत कोंडलेला प्राणवायू धान्य, किडे, बुरशी मिळून संपवून टाकतात आणि मग किडेच मरतात. धान्य वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यामुळेच उघडलेल्या पेवात कोणी लगेच उतरायचं नसे. आधी तोंड उघडून काही वेळ वारा लागू द्यायचा, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझणार. हा नियम न पाळल्याने माणसं दगावली आहेत, आणि धान्याच्या कोठारात अजूनही दगावतात.

स्वयंपाकघरातल्या आणखी एका श्वासाबद्दल लिहायला मन घेत नाही, पण लिहायला हवं. झुरळ. त्याच्या दोन्ही अंगांना मिळून छिद्रांच्या दहा जोड्या असतात आणि त्यांतून निघालेल्या नळ्या हवा थेट आतपर्यंत पोचवतात. रक्ताला प्राणवायू वाहायचं कामच नाही, म्हणून ते लाल नसतं. डोकं उडालं तरी झुरळ काही दिवस जगतं, कारण श्वासाचा आणि डोक्याचा तिथे संबंध नाही. (काही समित्यांचं कामकाज असंच चालतं.) साबणाचं पाणी मात्र अंगावर टाकलं की छिद्रं बुजतात आणि तेवढ्याने ते मरतं. स्प्रेपेक्षा स्वस्त.

आता राहिली पेटी. हापूस झाडावरून उतरला तरी त्याचा श्वास चालू असतो आणि पिकायच्या सुमाराला तो एकदम वाढतो, पिकला की पुन्हा उतरतो. त्याच दिवसांत आंबा इथिलिन नावाचा वायू सोडतो आणि शेजारच्या आंब्यालाही पिकायला लावतो. कोकणात भाताच्या पेंढ्यात आढी लावतात, त्यात हात घातला की उबेने कळतं, आत काय चाललं आहे ते. मधले आधी पिकतात, म्हणून दोन-तीन दिवसांनी आढी वरखाली करायची. कार्बाइडच्या पुड्या ठेवून हेच घाईने उरकतात. त्यावर बंदी आहे, तरी उरकतात. त्या आंब्याला रंग येतो, वास येत नाही.

यांना घाई असते. पेटी आली त्या दिवशीच म्हणाले, ‘फ्रिजमध्ये ठेवूया का, एकदम सगळे पिकायला नकोत.’ कच्चा आंबा थंडीत गेला की पुढे धड पिकत नाही, साल सुरकुतते आणि आत आंबटच राहतो. म्हणून पेटी खिडकीशीच राहील. वरचे चार शुक्रवारपर्यंत होतील असं वाटतं, खालच्यांना अजून आठवडा लागेल. आज संध्याकाळी एकदा वरखाली करून घेते.